माशांसाठी एक आवर्तन सोडा!

सप्टेंबर १९६२. अमेरिकेत ग्रीन नदीवर फ्लेमिंग गॉर्ज धरण उभं राहत आलंय, पाणी अडवायला थोडाच अवकाश आहे, आणि सरकारी माणसं नदीत पिंपंच्या पिंपं विष ओततायत. चोरूनमारून नव्हे, रीतसर मंजुरी घेऊन. मुख्य नदी आणि उपनद्या मिळून सुमारे ७०० किलोमीटरचा प्रवाह. मूळचे मासे, म्हणजे त्यांच्या लेखी ‘कचरा मासे’, एकदाचे संपवायचे आणि नव्या जलाशयात हौशी गळवाल्यांसाठी ट्राउट सोडायचा, असा बेत. विषाचं नाव रोटेनोन. वनस्पतींच्या मुळांतून निघतं आणि माशाचा श्वास कोंडतं. आपल्याकडे डोहात गेळफळं कुटून टाकतात, त्यातलाच प्रकार, फक्त सरकारी मापात. खालच्या अंगाला एका पुलापाशी पोटॅशियम परमँगनेट टाकून विष मारायचं ठरलं होतं. ते काही साधलं नाही. विष पुढे वाहत थेट डायनोसॉर नॅशनल मॉन्युमेंट या संरक्षित प्रदेशात शिरलं आणि देशभर बोंब झाली.

आता गंमत बघा. त्याच नदीवर, त्याच धरणातून मोठा विसर्ग कधी सोडायचा, हे आज त्याच ‘कचरा’ माशांची नखाएवढी पिल्लं कधी दिसतात त्यावर ठरतं. ग्रीन नदी पुढे कोलोरॅडोला मिळते, आणि या खोऱ्यात माशांसाठी धरणाचं वेळापत्रक हलवण्याचे जेवढे उद्योग झाले, तेवढे क्वचितच कुठे झाले असतील. कालव्याला रब्बीचं आवर्तन असतं, उन्हाळी आवर्तन असतं; इथे चक्क माशांसाठी पाणी सुटतं.

कुबडवाला नायक

कोलोरॅडोच्या वाटेवर ग्रँड कॅन्यन लागतं. तिथल्या गोष्टीचा नायक हंपबॅक चब. रूपाने यथातथाच. डोकं चपटं, डोळे बारीक, आणि डोकं संपतंय न संपतंय तोच पाठीवर टेंगूळ आल्यासारखं कुबड. लांबी जास्तीत जास्त अर्धा मीटर. आयुष्य मात्र तीस वर्षांहून जास्त. कुळाने हा आपल्या रोहू-कटल्याचा आणि महासीरचा भाऊबंद.

कॅन्यनच्या तळाशी, खवळलेल्या पाण्यात राहणारा हा मासा शास्त्राला कळला तो १९४६ साली, रॉबर्ट रश मिलर यांच्यामुळे. आणि १९६७ मध्ये तो नष्टप्राय प्राण्यांच्या यादीत दाखलही झाला. बारसं जेवून एकवीस वर्षं होताहेत तोवर!

ग्रँड कॅन्यनमध्ये मूळचे मासे आठ जातींचे. त्यातल्या तीन जाती तिथून नाहीशा झाल्या. गेलेल्यांपैकी कोलोरॅडो पाइकमिनो हा तर खोऱ्यातला दादा. जुन्या नोंदींत त्याची लांबी सहा फुटांपर्यंत आणि वजन ३५ किलोंच्या आसपास दिलेलं आहे.

पाणी तेच, पण गार

ग्रँड कॅन्यनच्या वरच्या अंगाला असलेल्या ग्लेन कॅन्यन धरणाने १९६३ मध्ये पाणी अडवायला सुरुवात केली. त्याआधी कोलोरॅडो नदी हिवाळ्यात गोठायला टेकायची आणि उन्हाळ्यात २९ अंशांपर्यंत तापायची. रंग मातकट लाल. उन्हाळ्याच्या तोंडाला डोंगरातलं बर्फ वितळलं की पूर. माशांचं सगळं पंचांग या पाण्यावर लिहिलेलं होतं. अंडी कधी घालायची, पिल्लांनी काठाला कधी सरकायचं, सगळं पाणी सांगायचं.

धरणामागचा पॉवेल जलाशय भरत गेला आणि हे पंचांगच पुसलं गेलं. वीजगृहाकडे जाणारं पाणी घेतात खोलातून. जलाशय तुडुंब असताना ते तोंड पृष्ठभागाखाली सुमारे ७० मीटरवर असतं. तिथे ऊन पोचत नाही. म्हणून धरणाखालची नदी बाराही महिने ८ ते १० अंशांवर आणि काचेसारखी नितळ, कारण गाळ सगळा वर जलाशयात बसलेला. चबला विणीसाठी निदान १६ अंश लागतात. मुख्य नदीत ते मिळेनात, तेव्हा त्याने आसरा घेतला लिटल कोलोरॅडो या उपनदीचा. तिचं पाणी कोमट, चुन्याने निळसर झालेलं. ती उपनदी नसती, तर ग्रँड कॅन्यनमधला चब आज फक्त बाटलीत बघायला मिळाला असता.

किड्यांना शनिवार-रविवार सुट्टी

मला या सगळ्यातला सर्वांत आवडलेला प्रयोग हा.

फिनिक्ससारख्या वाळवंटी शहरांत दुपारी-संध्याकाळी एसी सुरू झाले की विजेची मागणी चढते, धरण जास्त पाणी सोडतं. रात्री मागणी उतरते, पाणीही उतरतं. समुद्राचा मागमूस नसलेल्या वाळवंटात नदीला रोज भरती-ओहोटी! चिपळूणकरांना हे वेगळं सांगायला नको. कोयनेची वीज बनवून झाल्यावर दर वर्षी साधारण ६७.५ टीएमसी अवजल वाशिष्ठीत येतं आणि नदीचं पाणी वीजगृहाच्या तालावर चढतं-उतरतं.

या कृत्रिम भरतीने माशांचं थेट काय वाकडं केलं, यापेक्षा तिने माशांच्या ताटातलं काय पळवलं, हे जास्त मजेदार आहे. नदीतले बरेच किडे संध्याकाळी पाण्याच्या अगदी कडेला, ओल्या दगडांना अंडी चिकटवतात. त्या वेळी पाणी चढलेलं असेल, तर काही तासांनी ते उतरतं, अंडी उघडी पडतात आणि ऊन लागलं की खलास. चिकटवली तेव्हा पाणी उतरलेलं असेल, तर ती पुढे पाण्याखालीच राहतात.

हे शोधलं कसं? अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कॅन्यनमधून राफ्टिंग करणाऱ्या वाटाड्यांनाच कामाला लावलं. रात्री मुक्काम पडला की काठावर एक प्लास्टिकचं डबडं ठेवायचं, त्यात थोडं अल्कोहोल, बाजूला जांभळट प्रकाशाची नळी. तासाभरात जे किडे पडतील ते बाटलीत भरून पाठवायचे. असे हजारो नमुने जमले आणि चित्र स्पष्ट झालं. धरणातून निघालेली भरतीची लाट खाली पोचायला वेळ घेते, म्हणून प्रत्येक ठिकाणी तिची वेळ वेगळी. जिथे संध्याकाळी पाणी उतरलेलं असतं, तिथे चिलटांसारखे मिज किडे भरपूर. जिथे चढलेलं, तिथे तुटवडा. २०१६ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

मग २०१८ पासून काही वर्षं मे ते ऑगस्ट असा बेत राबवला गेला. शनिवार-रविवार पाणी कमी आणि एकसारखं सोडायचं, बाकी दिवस नेहमीचं वीज-वेळापत्रक. सुट्टीच्या दिवशी कचेऱ्या बंद, विजेची मागणी तशीही कमी, म्हणजे नुकसान थोडं. शनिवार-रविवारी घातलेली अंडी सोमवारी चढणाऱ्या पाण्याखाली सुखरूप. पहिल्याच वर्षी कॅडिसफ्लाय जातीचे किडे कितीतरी पटींनी वाढले. पाच दिवसांचा आठवडा माणसांनी स्वतःसाठी आणला, त्याचा असा लाभार्थी कोणाच्या स्वप्नातही आला नसेल.

पूर आणला, पण फावलं भलत्याचंच

२६ मार्च १९९६. अमेरिकेचे अंतर्गत खात्याचे मंत्री ब्रूस बॅबिट यांनी ग्लेन कॅन्यनमध्ये स्वतःच्या हाताने झडप उघडली आणि आठवडाभर ४५ हजार क्युसेक विसर्ग सुरू झाला. अंदाज यावा म्हणून सांगतो. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून साधारण ३५ हजार क्युसेक सुटले, तेव्हा पुण्यात सिंहगड रस्त्याच्या सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं होतं. तिकडे मात्र हा पूर जाणूनबुजून होता. तळाशी बसलेली वाळू उचलून काठावर टाकायची, पुळणी पुन्हा उभ्या करायच्या, त्यांच्या आडोशाला पिल्लांसाठी उथळ, शांत पाणी तयार करायचं.

तोच प्रयोग मार्च २००८ मध्ये झाला, तेव्हा एक वेगळीच गंमत झाली. पुराने तळाचे खडे धुऊन निघाले, किडे फोफावले, आणि त्यावर ताव मारला तो बाहेरून आणलेल्या रेनबो ट्राउटने. त्याची पिल्लं भराभर वाढली. ट्राउट चबची पिल्लं खातो. म्हणजे पाहुण्यासाठी पंगत मांडली आणि उंडग्याने ताट पळवलं! पुढचे पूर बरीच वर्षं शरदात सोडले गेले.

ब्राउन ट्राउट हा त्याहून खादाड. त्याच्यावर नोव्हेंबर २०२० पासून इनामच लागलं. धरणाखाली लीज फेरीला मासा पकडा, डोकं आणि आतडी जमा करा, पैसे घेऊन जा; सुरुवातीला दर होता नगामागे २५ डॉलर. मासाही तुमचाच, तळून खा.

त्याआधी, २००३ ते २००६ या काळात, लिटल कोलोरॅडोच्या संगमाजवळ विजेचा झटका देऊन ट्राउट काढायची मोहीम चालली होती. तिला झुनी या मूळ रहिवासी लोकांनी हरकत घेतली. त्यांच्या दृष्टीने तो संगम पवित्र, तिथे इतक्या जिवांची कत्तल नको. पुढच्या योजनांमध्ये मासे जिवंत उचलून दुसरीकडे नेण्याचा पर्याय आला. धरणाच्या कारभारात ट्राउटच्या जिवाचीही चर्चा झाली, हे मला फार भावलं.

दुष्काळ आला, पाणी तापलं, चोर घुसले

इथवर रड होती ती पाणी गार असल्याची. २०२२ मध्ये ती नेमकी उलटली.

पॉवेल जलाशयात १९८२ मध्ये स्मॉलमाउथ बास हा मासा खेळासाठी सोडलेला होता. तो राहतो वरच्या उबदार थरात. जलाशय भरलेला होता तोवर वीजगृहाचं तोंड फार खाली, बास वर, दोघांची गाठभेट नाही. वर्षानुवर्षांच्या दुष्काळाने जलाशय उतरत गेला आणि २०२२-२३ मध्ये ते तोंड पाण्याखाली जेमतेम १५ मीटरवर आलं. उबदार पाणी वीजगृहात शिरलं, पाण्याबरोबर बासही, आणि टर्बाइनमधून काही जण सहीसलामत खाली उतरले. खाली उतरून बघतात तो काय, नदीही छान कोमट! २०२२ च्या उन्हाळ्यात धरणाखालच्या एका उथळ फाट्यात त्यांची पिल्लं सापडली. म्हणजे नुसते आले नव्हते, संसार थाटला होता.

घबराट साहजिक होती. याच खोऱ्यातल्या याम्पा नदीत या बासने मूळच्या माशांचा कसा फडशा पाडला, ते सगळ्यांनी पाहिलेलं होतं. आणि चब तर नुकताच, २०२१ मध्ये, ‘नष्टप्राय’मधून एक पायरी सुधारून ‘धोक्यात’ या वर्गात आला होता. लिटल कोलोरॅडोच्या आसपास बारा हजारांच्या घरात प्रौढ मासे. धरणापासून तिथपर्यंत अंतर साधारण १२० किलोमीटर. बासला अडवायचं होतं ते या पट्ट्यात.

उपाय निघाला तो आपण आंघोळीला गरम-गार पाणी सारखं करतो तसला. वीजगृहाच्याही खाली, धरणाच्या अंगात प्रत्येकी सुमारे अडीच मीटर व्यासाचे चार नळ आहेत. त्यांचं पाणी खोलातलं, थंडगार. जुलै २०२४ पासून नोव्हेंबरपर्यंत वीजगृहातल्या कोमट पाण्यात हे गार पाणी मिसळून सोडलं गेलं. लक्ष्य १५.५ अंशांच्या खाली राहण्याचं, कारण त्याच्या वर गेलं की बास विणीला लागतो. म्हणजे ज्या थंडीने चबचे हाल केले, तीच आता चबच्या रक्षणाला!

फुकट मात्र काही नसतं. त्या चार नळांच्या वाटेवर टर्बाइन नाही. तिकडून गेलेलं पाणी विजेच्या दृष्टीने वाया, आणि तेवढी वीज बाहेरून विकत घेणं आलं. वीजवाले कुरकुरले. त्यांचंही अगदीच चूक नाही, कारण बिल शेवटी गिऱ्हाइकाच्या दारात जातं. पण त्या मोसमात बासची वाढ थोपली, ही गोष्टही खरी.

जरा विषयांतर. एप्रिल २०२३ मधल्या मोठ्या विसर्गानंतर या नळांच्या आतल्या बाजूला खड्डे पडलेले आढळले. फार वेगाने धावणाऱ्या पाण्यात बुडबुडे तयार होतात, ते फुटताना भिंतीला ठोसे बसतात आणि पोलादही कुरतडलं जातं. याच कारणाने १९८३ च्या महापुरात या धरणाच्या सांडव्याच्या बोगद्यांना भगदाडं पडली होती. आणि पाणी दरवाजांवरून सांडू नये म्हणून त्यांच्या माथ्यावर काय लावलं होतं? चार फुटी प्लायवूड. त्यामागे अमेरिकेतला दुसऱ्या क्रमांकाचा मानवनिर्मित जलाशय!

बापाला हुसकावण्याचं तंत्र

बास कुटुंबात पोरं सांभाळतो तो बाप. नर तळाशी खळगा करतो, मादी अंडी घालून चालती होते, आणि हा पठ्ठ्या शेपटीने वारा घालत राखण करतो. जवळ येईल त्याला हाकलतो. कौतुकच वाटावं असा मासा, पण चुकीच्या नदीत.

२०२१ मध्ये फ्लेमिंग गॉर्जवाल्यांनी याच वेळेचा नेम धरला. नर घरट्यावर बसले असताना थोडे दिवस अचानक जोरदार, गार पाण्याचा लोंढा सोडला. बाप घरटं सोडून जातो, अंडी-पिल्लं वाहून जातात किंवा इतर माशांच्या तोंडी पडतात. क्रूर आहे खरं. पण १९६२ च्या पिंपांपुढे काहीच नाही.

दिवा लावा, पिल्लं मोजा, मग दरवाजे उघडा

फ्लेमिंग गॉर्ज धरणाची दुसरी करामत रेझरबॅक सकर या माशासाठी. याची पिल्लं अंड्यातून निघाली की प्रवाहाबरोबर वाहत जातात, आणि काठालगतच्या पाणथळ जागेत शिरली तरच जगतात. तिथे ऊब असते, खायला असतं. पण पाणथळात शिरायला नदी काठ ओलांडून चढलेली हवी. पूर्वी विसर्ग सोडायचे तो बर्फ वितळायच्या हिशेबाने, आणि पिल्लं यायच्या आतच पूर येऊन जायचा. पाहुणे पोचायच्या आत मांडव उतरवल्यासारखं.

२०१२ पासून हिशेब बदलला. रात्री नदीकाठी पाण्यात दिव्याचे सापळे लावतात, उजेडाकडे पिल्लं येतात. सकाळी सापळा उपसला आणि त्यात डोळ्यांचे दोन ठिपके असलेली, दोऱ्याच्या तुकड्यांसारखी पारदर्शक पिल्लं दिसली, की निरोप जातो आणि धरणाचा विसर्ग वाढतो. युटामधल्या स्टुअर्ट लेक या पाणथळीत त्यानंतर वाढलेली रेझरबॅकची पिल्लं शेकड्यांनी मोजली गेली. निसर्गात जन्मून तिथवर वाढलेली पिल्लं त्याआधी जवळजवळ दिसतच नव्हती.

झडपा, पडदे आणि चंदेरा

कॅलिफोर्नियात शास्ता धरणाच्या अंगावर १९९७ मध्ये झडपांचा प्रचंड सांगाडा बसवला. खर्च ८ कोटी डॉलर. काम एकच, जलाशयाच्या हव्या त्या थरातलं पाणी उचलायचं. कारण तिथल्या हिवाळी चिनूक सॅमनला पाणी गारच हवं. साधारण १३ अंशांच्या वर अंडी मरू लागतात. पण झडप थंडी तयार करत नाही, असलेली वाटून देते. २०१४ च्या दुष्काळात गार पाणीच संपलं आणि त्या हंगामातली सुमारे ९५ टक्के अंडी-पिल्लं गेली.

ऑस्ट्रेलियात बुरेनडाँग धरणावर त्यांनी स्वस्तातला मार्ग काढला. पाणी घेण्याच्या मनोऱ्याभोवती २०१४ मध्ये मोठा पडदाच गुंडाळला. खालचं गार पाणी अडतं, वरचं उबदार पाणी पडद्याच्या काठावरून आत येतं. मरे कॉडसाठी हा खटाटोप.

आणि चीनचं अजस्र थ्री गॉर्जेस धरण? २०११ पासून तिथे मे-जूनमध्ये मुद्दाम पाणी चढवत नेणारा विसर्ग सोडतात. कोणासाठी, तर गवत्या, चंदेरा आणि त्यांच्या भावंडांसाठी! आपल्या शेततळ्यांतले हे मासे मूळचे तिकडचे, भारतात आले १९५९ मध्ये. त्यांची अंडी अर्धवट तरंगत वाहत जातात, म्हणून पाणी १८ अंशांवर गेल्यावर वाढता प्रवाह मिळाला तरच नदीत वीण जमते. आपल्याकडे इंजेक्शन देऊन हॅचरीत उरकतात.

घरचा मासा, परक्या नदीत

लोणावळ्याच्या वळवण धरणापाशी टाटांच्या वीज कंपनीचं महासीर केंद्र १९७० च्या दशकापासून चालू आहे. पिकलेल्या मादीचं पोट हलक्या हाताने दाबून गाभोळी थाळीत घेतात, नराचं वीर्य मिसळतात, आणि सोनेरी दाणे पाण्याच्या संथ धारेखाली ठेवतात. तिथला निळ्या परांचा दख्खनी महासीर कर्नल साइक्सने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून जगाला सांगितला. इथल्या चढणीच्या माशांपैकी हा एक, पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर जाणारा. धरणांनी वाट अडवली, म्हणून हॅचरी. या माशाची जागतिक यादीतली अवस्था आता ‘नष्टप्राय’वरून ‘फारशी चिंता नाही’ इथवर सुधारली आहे.

पण हॅचरीत वाढवलेला हाच महासीर सोडला गेला कावेरीतही. तो तिथला नव्हे. कावेरीचा स्वतःचा महासीर वेगळा, प्रचंड वाढणारा आणि केशरी परांचा. पाहुण्याची संख्या फुगत गेली तसा यजमान कमी होत गेला, आणि २०१८ मध्ये त्याची नोंद ‘अतिशय नष्टप्राय’ अशी झाली. त्याला इंग्रजीत म्हणतात हंपबॅक महासीर. हाही कुबडवालाच!